एकशे साठ पावलं

त्या साली पावसानं पाठ फिरवली आणि गावातल्या विहिरी रोज थोड्या थोड्या खाली जाऊ लागल्या. विहीर खाली गेली की दोर आखूड पडतो. काल चाळीस हातांवर पाण्याला टेकणारा पोहरा आज पंचेचाळीस हातांवरही कोरडाच लोंबायचा, मग बायका उरलेलं टोक मनगटाला गुंडाळून काठावरून ओणव्या व्हायच्या. दुष्काळात सगळ्यांचे धंदे बसतात, एकट्या दोरवाल्याचा उभा राहतो. गावात गमतीनं म्हणायचे, की ढग दिसला की दोरवाला त्याला शिव्या घालतो. दोरवाला हसून ऐकून घ्यायचा. पाणी नसलेल्या गावात दोरवाल्याचा माठही कोरडाच असतो, हे त्याला सांगायची गरज वाटत नसे.

त्याची पट्टी शाळेच्या मागे होती. पट्टी म्हणजे जमिनीचा एक लांबच लांब, सरळ, पायांनी तुडवून गुळगुळीत झालेला तुकडा. एका टोकाला लाकडी चाक, दुसऱ्या टोकाला खुंटा. आजोबाच्या वेळी गावसभेनं ती जागा दोनशे फूट लांबीची म्हणून लिहून दिली होती आणि तो कागद गावसभेच्या कपाटात होता. दोरवाल्याला कागद वाचता येत नव्हता आणि फूटही कळत नव्हते. कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, भारा बांधायचा, दोन बोटांनी धागे सोडत चाकापासून मागे मागे जायचं, चाक फिरत राहतं, पीळ चढत जातो, आणि पाठीला खुंटा लागला की सूत पुरं झालं. मग पुन्हा चाकापाशी यायचं. असं दिवसातून शंभरदा. सकाळी उन्हाच्या आधी वाख भिजवायचा, दोरवाली तो खिळ्यांच्या फळीवर विंचरायची, आणि शाळेची घंटा होईपर्यंत लेक चाक फिरवायची. चाकामुळंच तिचं नाव गिरकी पडलं होतं. शाळेच्या हजेरीत दुसरं काही होतं, पण ते गुरुजींच्याही लक्षात राहत नसे.

हे गुरुजी पाचवी ते सातवीला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. पोरं त्या तासाला नुसतं ‘समाज’ म्हणत. “आज समाज आहे का?” असं विचारत आणि नसला तर खूश होत. गुरुजींना येऊन तीन वर्षं झाली होती आणि ते अजून कायम झाले नव्हते. तपासणीचे साहेब यायचे, वर्ग बघायचे, वर लिहून पाठवायचे, त्यावर सगळं अवलंबून होतं. हेडमास्तर त्यांना अधूनमधून आठवण करून देत, की काहीतरी डोळ्यांत भरेल असं करून दाखवा.

म्हणून त्या वर्षी गुरुजींनी सातवीला नकाशा करायला लावला. पुस्तकातले डोंगर आणि नद्या नाहीत, आपलं गाव. विहीर, दवाखाना, दुकानं, शाळा, ज्याचं त्याचं घर. मोजायला पट्टी नाही, टेप नाही, तर पावलांनी मोजायचं. शाळेची ओसरी चाळीस फूट लांब होती. गुरुजींनी एकेकाला तिच्यावरून चालवलं, कुणाची एकोणीस पावलं झाली, कुणाची एकवीस. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, वीस पावलं म्हणजे चाळीस फूट, एक पाऊल म्हणजे दोन फूट.

आठ दिवस पोरं गावभर मोजत हिंडली. म्हाताऱ्या विचारायच्या, काय रे, काय हरवलं? पोरं आकडा चुकेल म्हणून तोंडानं बोलायची नाहीत, नुसता हात हलवायची.

सगळ्यांत चांगला नकाशा गिरकीचा झाला. विहिरीचा गोल गोलच होता, रस्ते जिथं वळतात तिथंच वळले होते, आणि प्रत्येक ठिकाणी शिसपेन्सिलीनं पावलं लिहिली होती. शाळेच्या मागे एक लांब रेघ आणि तिच्यावर, दोरपट्टी, १६० पावलं.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी गुरुजींनी तो नकाशा टेबलावर घेतला आणि रबरानं पावलं खोडून शाईनं फूट लिहायला बसले. गिरकी शेजारी उभी होती. ते दोरपट्टीपाशी आले तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, पट्टीवरची पावलं वेगळी असतात.”

गुरुजी घाईत होते. अजून भिंतीवर तक्ते लावायचे होते. “वेगळी कशी असतील? पाऊल म्हणजे पाऊल. फळ्यावर काय लिहिलं होतं?”

“एक पाऊल म्हणजे दोन फूट.”

“मग झालं.”

त्यांनी १६० खोडलं आणि शाईनं लिहिलं, ३२० फूट. गिरकी आपल्या बाकावर जाऊन बसली. गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलं खोटं कसं असेल, असा तिच्या वयाला शोभेल असा विचार तिनं केला असावा.

साहेबांना नकाशा फार आवडला. त्यांनी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या, शेरा लिहिला, आणि शाळेचा शिक्का मारून तो गावसभेच्या खोलीत लावा म्हणाले. हेडमास्तरांनी जाताना गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की आता कायम झाल्याचा कागद यायला हरकत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी ते कुणाला दिसलं नाही.

गावसभेच्या अध्यक्षाला दुष्काळाचं धान्य ठेवायला कोठार बांधायचं होतं. धान्य येणार होतं, जागा नव्हती, वरून तगादा होता. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. रोज खोलीत बसल्या बसल्या त्याची नजर भिंतीवरच्या नकाशावर जायची. एक दिवस त्यानं कपाटातला जुना कागद काढला. कागदावर दोनशे, नकाशावर तीनशे वीस. म्हणजे दोरवाल्यानं गावाची एकशे वीस फूट जागा दाबली होती, आणि त्याच्याच लेकीनं ती मोजून, शाळेचा शिक्का मारून दिली होती.

सोमवारी दोन माणसं टेप घेऊन आली. त्यांनी खुंट्यापासून मोजायला सुरुवात केली, जास्तीचे एकशे वीस फूट मोजले, तिथं चुन्याची रेघ ओढली आणि खुंटा उपटून रेघेवर ठोकला. जास्तीचं किती ते मोजून झालं होतं, मग मागं किती उरलं ते मोजायची कुणाला गरज वाटली नाही. दोरवाला वाख कमरेला तसाच बांधून उभा होता. त्यानं विचारलं, हे कशावरून? त्यांनी सांगितलं, शाळेच्या नकाशावरून.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शाळेत आला. चपला ओसरीखाली काढल्या. त्याच्या दोन बोटांची कातडी वाखानं कापून कापून शिंगासारखी झाली होती, ती बोटं तो धोतराला पुसत राहिला. गुरुजींना म्हणाला, नकाशा बघायचा होता. गुरुजींनी सांगितलं, की तो आता गावसभेत आहे.

“लेकीनं काढलाय ना?”

“हो. वर्गात पहिला आला.”

“मग खरंच असणार,” दोरवाला म्हणाला. “आम्हाला आपलं वाटायचं, आजोबाला दिली तेवढीच आहे. बापानं कधी पुढं सरकवली असेल, कुणास ठाऊक. माणूस चांगला होता हो.” मग म्हणाला, “तिला मी काही बोललो नाही. तिनं शिकलेलंच केलंय.”

गिरकी वर्गाच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं की नाही, ते गुरुजींना कळलं नाही. तोवर गुरुजींनाही सगळं खरंच वाटत होतं. त्यांना वाईट वाटलं, पण ते दुसऱ्याच्या घरच्या अडचणीचं वाटतं तेवढंच.

त्या आठवड्यात गुरुजींच्या बायकोनं कुरकुर सुरू केली. त्यांचा दोर पाण्याला पुरत नव्हता. ती म्हणाली, “सगळ्या गावाला मोजायला शिकवलंत, आता आपली विहीर मोजा. साठ हात दोर लागतो.” म्हणून शनिवारी सकाळी गुरुजी दोर सांगायला पट्टीवर गेले.

दोरवाला तापानं आत पडला होता. दोरवाली चाक फिरवत होती आणि गिरकी कमरेला वाख बांधून मागे मागे येत होती. गुरुजी खुंट्याजवळ उभे राहिले. पोरीची पाठ त्यांच्याकडे होती. ती टाच उचलायची नाही, जमिनीवरून सरकवायची, आणि एवढंएवढंसं पाऊल टाकायची, कारण सूत जेवढं वळतं तेवढंच मागं जायचं असतं, जास्त गेलं तर तुटतं. ओठांत मोजत होती. साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट म्हणाली आणि मागं न बघता थांबली. खुंटा तिच्या टाचेपासून चार बोटांवर होता.

गुरुजींनी तिच्या पावलांकडं पाहिलं, मग लांबच्या चाकाकडं.

“नेहमी असंच मोजतेस?” त्यांनी विचारलं.

ती दचकून वळली. दोरवालीच लांबून म्हणाली, “पट्टीवर आमच्यात कुणी सरळ चालतच नाही, गुरुजी. सूत पायाखाली येतं. चाकाकडं यायचं तर कडेनं यायचं. चालायला शिकली तेव्हापासून पोरीला पट्टी उलटीच माहीत.” मग ती म्हणाली, “पूर्वी एकशे साठ व्हायची. आता चौसष्टला संपते.”

गुरुजींनी साठ हात दोर सांगितला. दोरवालीनं चाक थांबवलं. मग म्हणाली, की साठ हात सलग आता निघत नाही. पिळात सूत आटतं. या पट्टीवर पस्तीस निघतो. जोड देऊन चालेल का?

त्या घरानं जोडाचा दोर कधी विकला नव्हता. गावात म्हण होती, दोरवाल्याचं नातं तुटेल पण दोर नाही. दोरवालीनं जोड हा शब्द असा उच्चारला, जशी बाई फाटक्या पदराची जागा हातानं झाकते.

गुरुजी म्हणाले, चालेल.

घरी येऊन त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडलं. दोनशे फुटांना एकशे साठ पावलं, म्हणजे पाऊल सव्वा फुटाचं. ते गणित पाचवीच्या पोरालाही आलं असतं. पट्टी दोनशे फूटच होती, एक बोटही जास्त नाही. आणि आता उरली होती ऐंशी. आकड्यांमागून त्यांना पोरीचा आवाज ऐकू येत होता. गुरुजी, पट्टीवरची पावलं वेगळी असतात. तिनं सांगितलं होतं. रबर त्यांच्या हातात होतं.

त्यांनी कागद चुरगळून चुलीत टाकला.

सोमवारी ते हेडमास्तरांकडे गेले आणि आडून आडून बोलले, की नकाशात एखादी चूक असू शकते. हेडमास्तर म्हणाले, चूक कुणाच्या नकाशात नसते? शिक्का शाळेचा आहे, शेरा साहेबांचा आहे, तुमचा कागद वाटेत आहे. आणि मोजलं तर त्या पोरीनं, तुम्ही कुठं मोजलंत? गुरुजींनी मान हलवली. ती मान का हलवली, याचा ते पुढं कितीतरी दिवस विचार करत होते.

त्या शनिवारपासून धरून नऊ दिवस ते मूग गिळून बसले. त्या नऊ दिवसांत रेघेच्या पलीकडे कोठाराच्या पायाचा चर खणायला सुरुवात झाली. कुदळींचा आवाज वर्गात यायचा. गुरुजी नागरिकशास्त्र शिकवत होते, गावसभेची कर्तव्यं, नागरिकांचे हक्क, आणि प्रत्येक वाक्याला मागून कुदळ पडायची. गिरकी पहिल्या बाकावरून उठून मागच्या बाकावर गेली होती. हात वर करायची नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, बरोबर द्यायची, पण जमिनीकडे बघून. विहिरीवर बायका तिच्या आईला ऐकवत, शिकवा मुलींना, घर मोजून दुसऱ्याच्या हातात देतात. एकीनं पोरीलाच विचारलं, आता कुणाचं घर मोजायला निघालीस गं? ही गोष्ट गुरुजींच्या बायकोनं हसत हसत घरी सांगितली आणि गुरुजी भाकरी अर्धी टाकून उठले.

नवव्या दिवशी दोर आला. दोरवाल्यानं स्वतः आणून दिला. तापातून उठला होता, गालफडं बसली होती. जोडाची जागा त्यानं गुरुजींना बोटानं दाखवली, लपवली नाही. तीन पेड उकलून एकमेकांत विणले होते, वरून सुतानं आवळलं होतं. म्हणाला, “हे रहाटावरून जाताना जरा जपून. ठेच लागते.” आणि मान खाली घालून गेला.

चौथ्या दिवशी ठेच लागली. पोहरा भरून वर येत होता, जोड रहाटाच्या खाचेत अडकला, बायकोनं हिसका दिला, दोर खाचेतून उडाला आणि भरल्या पोहऱ्याच्या वजनानं तिच्या दोन्ही तळव्यांतून सरसर खाली गेला. शेजारणींनी तिला घरी आणलं तेव्हा तिचे तळहात सोललेल्या फळासारखे झाले होते. गुरुजींनी फडकं ओलं करून गुंडाळलं. ती दात आवळून बसली होती. तेवढ्यातही म्हणाली, “दोरवाल्याला काही बोलू नका. त्यानं सांगितलं होतं. बिचाऱ्याची पट्टीच नेली, तो काय करणार?”

तेव्हा गुरुजींनी तिला सांगितलं. रबर, शाई, पोरगी काय म्हणाली ते, चौसष्ट, पाठकोरा कागद, नऊ दिवस आणि वर हे चार. फडक्याची गाठ मारता मारता सांगितलं, म्हणजे तिच्याकडे बघावं लागू नये.

तिनं गाठ पुरी होऊ दिली. मग विचारलं, “आणि गिरकीला गाव बोलतंय ते?”

“हो.”

“ती बारा वर्षांची आहे.”

“हो.”

“मग माझे हात काय धरून बसलात?” ती म्हणाली. “सोडा ते. जा.”

गावसभा भरली होती. पंचवीस-तीस माणसं, उकाडा, दारात चपलांचा ढीग. भिंतीवर नकाशा. दोरवाला एका कोपऱ्यात उकिडवा बसला होता, कोठाराच्या कामावर मजुरी मिळेल का विचारायला आला होता. स्वतःच्याच पट्टीवर खणायला. गुरुजी दारातून सरळ भिंतीपाशी गेले आणि शाईनं लिहिलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

“हे चुकलंय,” ते म्हणाले. “पट्टी दोनशे फूटच होती.”

अध्यक्ष म्हणाला, “म्हणजे पोरीनं चुकीचं लिहिलं?”

“पोरीनं पावलं लिहिली होती. ती बरोबर होती. फूट मी लिहिले.”

खोलीत कुणीतरी खोकलं. अध्यक्षानं विचारलं, की हे कधी लक्षात आलं. गुरुजींना वाटलं होतं की हा प्रश्न कुणी विचारणार नाही. त्यांनी खरं सांगितलं. तेरा दिवसांपूर्वी. कोपऱ्यात दोरवाल्यानं मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. गुरुजींना त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सगळे उठून पट्टीवर गेले. पोरंही शाळेतून मागं आली. अध्यक्ष दोरवाल्याला म्हणाला, चालून दाखव. तो चाकापाशी गेला, सवयीनं कमरेला वाख बांधला, पाठ फिरवली आणि निघाला. तीस माणसं त्याच्या बरोबरीनं मोजत होती, आधी हसत, मग गंभीरपणे. चौसष्टाव्या पावलाला तो थांबला. मागे वळून पाहिलं नाही. टाचेला लागून चर होता.

टेप लावली. ऐंशी फूट.

“गुरुजी, तुमच्या हिशेबानं किती व्हायला हवे होते?” अध्यक्षानं विचारलं.

“एकशे अठ्ठावीस.”

“शाळेत फूट वाढतात वाटतं,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. सातवीची पोरंही हसली. गिरकी हसली नाही. टेप चरावरून ताणून जुन्या खुंट्याच्या खड्ड्यापर्यंत नेली. दोनशे फूट आणि वर चार बोटं. अध्यक्ष म्हणाला, चार बोटं सोडून देऊ, आणि पुन्हा लोक हसले. प्रकरण मिटलं. कोठार दुसरीकडं बांधायचं ठरलं.

चर मात्र दोरवाल्यानंच बुजवला. गुरुजी फावडं घेऊन गेले होते. त्यानं नको म्हटलं नाही, पण दुसरं काही म्हटलंही नाही. दोघं दोन बाजूंनी माती लोटत राहिले. गुरुजींच्या हाताला फोड आले, ते त्यांनी कुणाला दाखवले नाहीत. घरी त्यांच्यापेक्षा वाईट हात होते. कितीही तुडवली तरी खणलेली माती पावसावाचून बसत नाही. दोरवाला सूत घेऊन मागे यायचा, चौसष्टाला त्याची टाच भुसभुशीत जागेत रुतायची, सूत झोला खायचं आणि तिथला पीळ सैल पडायचा. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं सुंभ धड होतं आणि पीळच बसत नव्हता. दर खेपेला तेवढ्या जागी तो दम धरून पाऊल टाकायचा. शाळेच्या खिडकीतून ते दिसायचं.

गुरुजींचा कागद त्या वर्षी आला नाही. हेडमास्तर त्यांच्याशी कामापुरतं बोलत. नकाशा भिंतीवरून काढला. गुरुजींनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, की गिरकीचं बरोबर होतं आणि माझं चुकलं. पोरांनी ऐकून घेतलं. मोठ्या माणसाची चूक पोरांना दोन दिवस गंमत वाटते, मग ती विसरतात. गिरकी मागच्याच बाकावर राहिली.

वार्षिक परीक्षेत शेवटचा प्रश्न होता, आपल्या परिसराचा नकाशा काढा, दहा गुण. गुरुजींनी तो मुद्दाम घातला होता. पेपर तपासताना गिरकीचा त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतला. विहीर गोल होती. दवाखाना, दुकानं, नवं कोठारसुद्धा होतं. प्रत्येक रस्त्यावर पावलं लिहिली होती, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात, माझी पावलं, सरळ चालून. शाळेच्या मागे मात्र काहीच नव्हतं. चाक नाही, पट्टी नाही, घर नाही. कोरा कागद. तिथं खोडल्याचीही खूण नव्हती. काढलंच नव्हतं.

त्यांनी दहापैकी दहा दिले. मग लाच दिल्यासारखं वाटून बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

पेपर वाटले त्या दिवशी पोरं गेल्यावर त्यांनी तिला थांबवलं. नकाशावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, “तुमचं घर काढायचं राहिलं का गं?”

तिनं पेपर त्यांच्या बोटाखालून हळूच ओढून घेतला आणि घडी घालून दप्तरात ठेवला.

“राहू दे, गुरुजी,” ती म्हणाली. “आहे तिथं आहे ते.”